बिअरचं सामान कुठून आणलंत?

आमच्या ग्रुपचे किस्से म्हणजे सिंकखाली कोंबलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. एक काढायला जावं, तर मागोमाग सतरा बाहेर येतात! आता बिअरचंच बघा.

ग्रुप म्हणजे सिंगापुरातले आम्ही तिघं. शिरीष बँकेत, मरीन परेडला कॉन्डोमध्ये. प्रसन्न, म्हणजे पश्या, आयटीत, वुडलँड्सला. आणि मी बुओना व्हिस्टाला, मीही आयटीतच. एका शनिवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बसलो असताना शिरीषने हातातला बिअरचा ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "ही आपण घरी करू शकतो."

पश्या म्हणाला, "चहा तरी येतो का तुला?"

झालं! शिरीषला हे लागलं. त्याने तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर अख्ख्या मित्रमंडळाला कळवून टाकलं, की पश्याच्या चाळिशीच्या पार्टीला शिरीषच्या घरची ताजी बिअर मिळेल. इथे स्वतःपुरती घरी बिअर करायला परवानगी आहे, एवढं त्याने वाचलं होतं. तिचं सामान कुठे मिळतं, हे मात्र वाचलं नव्हतं.

* * *

पहिली मोहीम पश्याची. यीस्ट आणायचं होतं. त्याच्या घराजवळ केक-पावाच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथल्या आंटीने विचारलं, "यू बेकिंग व्हॉट?"

चारचौघांत 'बिअर' म्हणायची पश्याला लाज वाटली. तो म्हणाला, "ब्रेड."

आंटी खूश! इंडियन माणूस आणि घरी ब्रेड करतोय! तिने त्याला यीस्ट दिलं, मैदा दिला, साचा दिला, ब्रश दिला, आणि पीठ कसं मळायचं ते काउंटरवर हात आपटून दाखवलं. पश्याला कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही. ऑफिसात त्याच्यावर प्रोजेक्ट लादले जातात ते यामुळेच.

आमच्या पहिल्या बॅचमधून दोन पाव निघाले. झकास झाले होते!

* * *

दुसरी पाळी माझी. मला हॉप्स आणायचे होते. बिअरला कडवटपणा येतो तो या फुलांमुळे, असं शिरीषने सांगितलं होतं. फुलं म्हटल्यावर मी लिटल इंडियात गेलो. माझं लॉजिक साधं होतं, जिथे शेवंती मिळते तिथे हॉप्सही मिळतील.

किराणा दुकानाचा तमिळ मालक फोनवर बोलत होता. मी म्हटलं, "हॉप्स?"

त्याने फोन बाजूला केला. चेहऱ्यावर खरंखुरं दुःख. "सीझन फिनिश ऑलरेडी, सर!"

"म्हणजे? पुन्हा कधी येतील?"

"एप्रिल. बट पल्प गॉट."

पल्पही चालत असेल, म्हणून मी दोन डबे घेतले. घरी येऊन वाचलं, तर डब्यावर भलामोठा पिवळाधमक हापूस!

* * *

मग शिरीष म्हणाला, "तुम्ही दोघं काही उपयोगाचे नाही. हल्ली दुकानात कोण जातं? सगळं ऑनलाइन." बिअर आंबवायला झाकणाची मोठी बादली लागते. त्याने एका परदेशी साइटवरची सगळ्यात स्वस्त बादली निवडली. फोटोत ती एका दणकट गोऱ्या माणसाने दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली होती. शिरीषने रिव्ह्यू वाचले, रंग निवडला, आणि बादली ठेवायला बाल्कनीतली तुळस हलवली.

पार्सल लेटरबॉक्समध्ये आलं.

लेटरबॉक्समध्ये बादली कशी मावली, हा प्रश्न शिरीषला लिफ्टमध्ये पडला. त्याच्या बायकोने, मीनलने, ती खोक्यातून काढली, तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "अय्या, किती गोड! लसणाच्या चटणीला बरोब्बर होईल."

आजही त्यांच्याकडे जेवायला गेलं, की चटणी त्या बादलीतूनच येते. झाकण मात्र अगदी हवाबंद हं!

* * *

शेवटी आम्हाला खरंखुरं दुकान सापडलं. एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये, मालाच्या लिफ्टने वर जायचं. एका बाजूला छापखाना, दुसऱ्या बाजूला फर्निचरवाला, आणि मध्ये धान्याचा खमंग वास. मालक चिनी, साठीचे. सगळे त्यांना अंकलच म्हणत.

"फर्स्ट टाइम आह?" अंकलनी विचारलं, आणि आमचं उत्तर यायच्या आत तीन छोटे ग्लास भरले. "आधी चव घ्या. काय आवडतं ते कळलं, की मग सामान."

आम्ही चव घेतली. मग दुसरी घेतली. गव्हाची, काळी, लिचीची. पश्या म्हणाला, "सगळ्याच आवडल्या." आम्ही गात गात खाली उतरलो. सामान घ्यायचं राहिलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. आदल्या वेळी नीट समजलं नव्हतं, असं शिरीषचं म्हणणं पडलं. नीट समजून घेतलं. सामान राहिलं.

तिसऱ्या शनिवारी लिफ्टचं दार उघडलं, तर अंकल हाताची घडी घालून समोरच उभे!

"टुडे नो टेस्टिंग," ते म्हणाले. "फर्स्ट बाय, देन हॅपी!"

* * *

घेतलं एकदाचं. तिथेच घेतलं, आणि सगळं घेतलं. फक्त बाटल्या आणि बिअरची साखर तेवढी पश्याने अडवून धरली. "ते मी मलेशियातून, जोहोरहून आणतो," तो म्हणाला. "मी राहतो तिकडे जाणाऱ्या कॉजवेच्या तोंडाशी. पलीकडे सगळं स्वस्त!" वुडलँड्सच्या माणसाचा हा धर्मच आहे. मी सोबत गेलो.

जायला रांग, यायला महारांग. पश्याच्या खांद्यावरच्या झोळीत बाटल्या खणखणत होत्या, आणि हातात लेबल नसलेल्या पारदर्शक पिशवीत पांढरी स्वच्छ पावडर. सिंगापूरच्या सीमेवर! कस्टम्सच्या ऑफिसरने बोटाने 'इकडे या' म्हटलं, तेव्हा मी हळूच दोन पावलं मागे सरकलो. मैत्री आपल्या जागी आहे, पण माझाही वर्क पास रिन्यू व्हायचा होता.

"व्हॉट इज धिस?"

"शुगर, सर! फॉर बिअर, सर! होम बिअर, बिगिनर, सर!" पश्या एका दमात म्हणाला.

ऑफिसरने पावडर तपासायला दिली. ती साखरच निघाली. मग त्याने बाटली उचलून बघितली. "धिस वन सिंगापूर डोन्ट हॅव?"

"हॅव, सर."

"देअर चीपर?"

पश्या खोटं बोलू शकत नाही. "सेम, सर. विथ बस फेअर... मोअर."

ऑफिसरने बाटली परत दिली आणि अगदी आपुलकीने विचारलं, "देन व्हाय यू गो?"

पश्याची बायको हा प्रश्न त्याला अजून अधूनमधून विचारते.

* * *

आणि मग शिरीषच्या आई आल्या.

त्या पुण्याहून यायच्या होत्या पार्टीनंतर. पण स्वस्त तिकीट मिळालं, आणि थेट चांगी विमानतळावरून फोन! इकडे गेस्ट रूममध्ये एसी लावून बिअरचा बुधला आंबत ठेवलेला. हलवला तर बिघडणार, आणि गरम खोलीत तर मेलाच. शिरीषची गाळण उडाली. त्याचे वडील शाळेचे रिटायर्ड मुख्याध्यापक. व्यसनमुक्ती सप्ताहात दर वर्षी भाषण त्यांचंच. गुडघ्यांमुळे ते आले नव्हते, पण आई रोज रात्री त्यांना फोनवर दिवसभराचं साद्यंत सांगणार!

"आई, हे पाणी शुद्ध करायचं मशीन आहे," शिरीषने सांगितलं. बुधला म्हणाला, 'बुडुक'.

"बरं," आई म्हणाल्या, आणि बॅग उघडून लोणच्याच्या बरण्या काढू लागल्या.

सकाळी मीनल चहा घेऊन गेली, तर बुधल्याला ओला पंचा गुंडाळलेला.

"आई, हे काय?"

"उकडत होतं त्याला," आई म्हणाल्या आणि चहात बिस्किट बुडवलं.

पार्टीच्या दिवशी शिरीषच्या घरी चाळीस माणसं. बाटल्या 'पाणी' म्हणून लपवणं शक्यच नव्हतं. शिरीषने पहिली बाटली उघडली, फस्सकन फेस आला, सगळे ओरडले, पश्या तर चक्क रडला. आणि त्या गर्दीतून आई पुढे आल्या. त्यांनी शिरीषच्या हातातला ग्लास घेतला. उजेडात धरला. वास घेतला. एक छोटा घोट घेतला, तोंडात जरा घोळवला, गिळला.

"बरी झालीय," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांची जरा जास्त कडवट व्हायची."

शिरीषने बाटली खाली ठेवली. "बा... बाबांची?"

आईंनी ग्लास त्याच्या हातात परत दिला आणि पदराने ओठ टिपले.

"सामान मात्र चांगल्या ठिकाणाहून आणायचे ते."