लेडीज बॅच, तीन ते चार

आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एकीनं यंदा फर्मान काढलं, की नुसती गुड मॉर्निंगची फुलं पाठवणं बंद करा, प्रत्येकीनं चार ओळींत आपली खबरबात लिहा. नोकरी, मुलं, घर आणि छंद. पहिल्या तीन ओळी मी पोळ्या लाटता लाटता मोबाइलला सांगून टाकल्या. नोकरी: खंडवा रोडवरच्या एका कॉलेजात परीक्षा विभाग, निकालाचे दिवस, श्वास घ्यायला फुरसत नाही. मुलं: मोठी तेरा वर्षांची, तिच्या कानात कायम इयरफोन, धाकटा सहाचा, त्याच्या तोंडाला कुलूप नाही. घर: नवरा सकाळी सातला मानपूरच्या गोडाऊनला जातो तो रात्री आठला उगवतो, त्यामुळे घर म्हणजे मीच. चौथ्या ओळीला मात्र गाडी अडली. शेवटी 'पोहणं' लिहिलं आणि पुढे एक हसरा चेहरा चिकटवला. तो चेहरा साफ खोटा होता. पोहण्याचा विषय निघाला की हल्ली माझं डोकं फिरतं.

लहानपणी गावाकडे माझे दोघे भाऊ विहिरीत सूर मारायचे आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. चाळिशी उलटली, सातारा सुटून इंदूरला बारा वर्षं झाली, तरी काठ काही सुटला नाही. दर रविवारी धाकट्याचा पोहण्याचा क्लास असतो आणि मी बाकावर त्याचा टॉवेल मांडीवर घेऊन बसते. एका रविवारी न राहवून त्याच्या कोचदीदीला विचारलं, मोठ्यांना शिकवता का?

"लेडीज बॅच है ना मैडम, तीन से चार."

दुपारी तीन ते चार! पुरुषांना पहाटेपासून नऊपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते आठ, म्हणजे ऑफिसच्या आधी किंवा ऑफिसच्या नंतर, जसं जमेल तसं. बायकांना भर दुपारी एक तास. ज्यानं कुणी हे वेळापत्रक लावलं, त्याच्या मते सगळ्या बायका दुपारी ओटा पुसून मोकळ्या होतात आणि मग त्यांना करमत नाही. मी नाव घातलं. आमच्या कॉलेजला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, म्हणजे महिन्यातून दोनच दिवस. त्यातला एखादा पाहुण्यांनी खायचा, एखादा शाळेच्या पालकसभेनं. तरीही मार्चपासून रडतखडत मी उथळ बाजू पार करायला शिकले. नाकात पाणी जाऊन जाऊन अर्धा तलाव मीच प्यायले असेन.

ऑक्टोबरात कोचदीदीनं सांगितलं, की बुधवारी तीनला खोल बाजूची परीक्षा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कठडा न धरता. पार केलं तर पुढच्या वर्षी मोठ्या बॅचला. नाहीतर तलाव थंडीसाठी बंद होणार आणि मार्चमध्ये पुन्हा पहिल्यापासून, काठावरून तिनं पुढे केलेला बांबू धरून. "आप कर लोगी," असंही ती म्हणाली. असं मला बऱ्याच वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

सोमवारी मी साहेबांकडे बुधवारच्या अर्ध्या दिवसाचा अर्ज ठेवला. कारण: वैयक्तिक काम.

"पर्सनल मतलब?" त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

मी खरं सांगितलं. ते हसले. वाईट हसले असंही नाही, लहान पोरीला हसावं तसे हसले. "मैडम, रिजल्ट सिर पे है और आप स्विमिंग? बच्चे-वच्चे की बात हो तो समझ भी सकता हूँ."

अर्ज परत माझ्या हातात. गेल्याच महिन्यात आमच्या विभागातले एक गृहस्थ बॅडमिंटनच्या स्पर्धेला तीन दिवस गेले होते, आणि हरून आले तरी साहेबांनी सगळ्यांना कचोऱ्या खिलवल्या होत्या. मी जागेवर येऊन बसले. माझ्या सगळ्या सुट्ट्या आठवून पाहिल्या. लसीकरण, ताप, दात, गॅदरिंग, मुलांच्या परीक्षा. स्वतःच्या नावानं मागितलेली एकही नव्हती. मुलांच्या नावानं काहीही मिळतं, आपल्या नावानं अर्धा दिवस नाही.

माझी आई शाळेत शिक्षिका होती आणि सुट्टीसाठी बेधडक थापा मारायची. पण तिचा एक नियम होता: खुशाल सासूला पाड आजारी, स्वतःचा पाय मोडून घे, पण पोटच्या पोराचं आजारपण खोटं सांगायचं नाही. बोललेलं लागतं. हे मला पुरतं ठाऊक असूनही बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातून मी साहेबांना फोन लावला. "सर, छोटे को रात से बुखार है. सुबह की मीटिंग कर लूँगी, एक बजे निकलना पड़ेगा."

"अरे मैडम, पूछना क्या, बच्चे से बढ़कर क्या है!" दहा सेकंदांत काम झालं. फोन ठेवताना मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला. मुलांच्या शाळेत कुठल्या तरी भरतीपरीक्षेचं केंद्र होतं म्हणून दोघांना सुट्टी होती. दुपारपर्यंत स्वयंपाकाच्या मावशी असणार होत्या, पुढे मोठी होतीच. मी पिशवीत पोहण्याचे कपडे कोंबले आणि निघाले.

तीन वाजता खोल बाजूच्या काठावर उभी राहिले. उडी मारली. अर्ध्यात दम तुटला, कठडा हाताच्या अंतरावर होता, आणि मी तो धरला नाही. बस, एवढंच सांगते. पलीकडच्या टोकाला हात टेकला तेव्हा कोचदीदी वरून ओरडली, "हो गया मैडम!" आणि मी कठड्याला लटकून वेड्यासारखी हसत सुटले. त्या बॅचमधल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन पोरांना सांगायचं, गरम जलेबी न्यायची, असं ठरवून ओल्या केसांनीच रिक्षात बसले.

दार मोठीनं उघडलं. एक इयरफोन काढून म्हणाली, "आई, त्याला बघ ना. सुबह से असाच पडून आहे. खालचे सगळे बुलवायला आले, तर खेळायला पण नाही गेला."

धाकटा सोफ्यावर पांघरूण गळ्यापर्यंत ओढून पडला होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात, पंखा बंद करून. घामानं डबडबला होता. मी कपाळाला हात लावला, मानेला लावला. ताप नव्हता.

"मी बोलले त्याला, तुला काहीच नाही झालंय," मोठी म्हणाली. "तर म्हणतो, आईनं फोनवर सांगितलं."

जलेबीचा पुडा माझ्या हातात तसाच. मला राग आला, भयंकर राग आला, आणि तो साहेबांवर काढावा, त्या वेळापत्रकावर काढावा, की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, हेच कळेना. धाकटा माझ्या ओल्या केसांकडे बघत होता.

"आई, मला बुखार आहे ना?" त्यानं विचारलं. "मग तू किधर गेली होतीस?"

मी त्याचं पांघरूण काढलं, पंखा लावला. "उतरला रे आता," मी म्हणाले. "बघ, उतरला बुखार."

"तुला कसं माहीत?" तो म्हणाला. "तू तर नव्हतीसच."