माईचं दुखणं खोटं नव्हतं

ईशा, नील, माईआजीच्या तेराव्याला व्हिडिओ कॉलवर धाकटे आजोबा तुम्हाला म्हणाले, "तिला तसं काही नव्हतं रे, मनाचे खेळ सगळे." पाहुण्यांसमोर मी गप्प बसले. आता दीड महिना झाला, पाहुणे गेले, आणि ते वाक्य तुमच्या डोक्यात राहू द्यायची माझी इच्छा नाही.

माझी ही धाकटी जाऊ हृदयविकाराने गेली. पण त्याआधी कित्येक वर्षं तिचं सारं अंग ठणकायचं. त्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. ते रक्तात दिसत नाही, एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिच्या नवऱ्याला, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांना, आमच्या भाऊजींना, ते कधी दिसलंच नाही. झोपून उठली तरी थकलेली, वेणी घालायला हात वर जात नसे... "आळसाला इंग्रजी नाव मिळालंय," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि चारचौघे हसायचे.

शेवटी मीच तिला मिरजोळ्याजवळच्या एका केंद्रात नेलं. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक मिळून एकेक पेशंट बघत. गोळ्या थोड्या, रोज बेताचं चालणं, झोपेची शिस्त, आणि अंग बोलायच्या आत काम थांबवायचं. दुखणं गेलं नाही, पण आवाक्यात आलं. माई रात्री झोपू लागली, स्वतःची वेणी घालू लागली, भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत माझ्या पुढे चालू लागली.

भाऊजींना तेवढंच हवं होतं. आंब्याच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं. "वाळूत फेऱ्या मारतेस, मग पोळ्या लाटताना कुठे गो दुखतं?"

माईने लाटणं खाली ठेवलं. "वाळू जेवायला मागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी केंद्रात न्यायची घरची गाडी बंद केली. "बरी झालीस ना? मग आता कशाला?" गुण आला म्हणून उपचार थांबवायचे, आणि थांबवल्यावर दुखलं की म्हणायचं, बघा, उपयोग झालाच नाही! असला न्याय मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. माई भांडत बसली नाही. त्याच केंद्रात येणाऱ्या, जवळपास राहणाऱ्या दोघींना गाठून तिने आपल्या फाटकातून निघणारी रिक्षा ठरवली आणि शेवटपर्यंत दर मंगळवारी गेली.

परवा भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, त्या बायका अजून आमच्याच फाटकात उभ्या राहतात. त्यांना सांगा जरा."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

रिक्षा मंगळवारी येते. माईच्या जागेवर आता पलीकडच्या गल्लीतली एक नवी बाई बसते.