प्रवचनात दम नाई

रविवारी दुपारी आमच्याकडे निकाल लागायचा. चर्चहून आलो, हातपाय धुतले, ताटं वाढली, की बाबा पहिला घास गिळून सांगायचे, "आज प्रवचनात दम होता." नाहीतर, "आज दम नाई." तिसरा शेरा त्यांच्याकडे नव्हता. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून राबलेला माणूस. एकीकडे रुई, एकीकडे सरकी. मधलं काही त्यांना पटतच नसे.

"दम नाई म्हंजे नेमकं काय नाई?" आई विचारायची.

"तुले काय समजते? तू आयकतच कुठं होती? तू तं बोलून राह्यली होती."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. ज्या चर्चमध्ये मी लहानाची मोठी झाले, तिथं पुरुष डावीकडे बसत आणि बायका उजवीकडे. आईबाबा तिथं शेजारी-शेजारी उभे राहिले ते लग्नाच्या दिवशी, त्यानंतर नाही. आईची जागा खिडकीजवळ. प्रवचन सुरू झालं की शेजारणीच्या कानात तिचंही सुरू व्हायचं. पाळकांनी सांगावं, "अब्राहाम आपला देश सोडून निघाला," आणि आईनं कुजबुजावं, "बायकोले विचारलं असंल का यानं?" शेजारीण तोंडात पदर कोंबायची. पाळक थांबून उजवीकडे बघायचे आणि आई अगदी भक्तिभावानं खिडकीबाहेर बघायची. मला तेव्हा तिची इतकी लाज वाटायची की मी मुद्दाम दोन ओळी पुढं बसत असे.

मग मंडळीत भांडण लागलं. कशावरून लागलं ते आता दोन्ही बाजूंना धड सांगता येत नाही. बाजाची पेटी दुरुस्तीला कुणाकडे द्यायची, तिथून सुरुवात झाली असं माझं मत आहे. दोन गट झाले, दोन सेक्रेटरी झाले आणि एका रविवारी बघतो तर गेटला दोन कुलपं. एक या गटाचं, एक त्या गटाचं. दोघांनी एकदम किल्ल्या लावल्या तरच गेट उघडणार, आणि दोघं एकदम काही करतील तर भांडण कशाचं? रस्त्याच्या या कडेला एक गट आणि त्या कडेला दुसरा, अशा दोन प्रार्थना सुरू झाल्या. दोघांचा आवाज असा चढत गेला की समोरचा पंक्चरवालाही काम थांबवून बघू लागला. बाबा थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी गीतांचं पुस्तक काखेत मारलं आणि म्हणाले, "चला. ज्या गेटाले दोन कुलपं, तिथं मी उभा नाई राहत."

बाबांचं 'चला' म्हणजे चला. ते चर्च सुटलं ते सुटलंच.

आता नवीन चर्च शोधणं आलं आणि त्याला घाई होती. बाबांनी एकही रविवार कधी चुकवला नव्हता. अंगात ताप असताना, घरात लग्नाची धांदल असताना, एकदा तर पायाला प्लास्टर असताना ते गेले होते. हा माणूस रविवारी घरी बसला तर खचेल, अशी आम्हा मायलेकींना धास्ती होती. आईनं एक अट घातली. "जिथं जाऊ तिथं दोघं जाऊ. तुमी एकीकडे अन् मी एकीकडे, असं नाई चालाचं." इतकी वर्षं एकीकडे-एकीकडेच बसले होते, पण ते एका छपराखाली होतं, असं तिचं म्हणणं.

चर्च शोधणं म्हणजे थेट मुलगी पाहायला जाणं. चहा होतो, गोड-गोड बोलणं होतं, मंडळी गेटपर्यंत सोडायला येतात आणि आपण 'कळवतो' म्हणून निघतो.

पहिलं स्थळ सेवाग्रामकडचं. दवाखान्यात नोकरीला असलेल्या केरळच्या मंडळींनी एक छानसा हॉल घेतला होता. एसी लावलेला, फरशी चकचकीत. उपासना अर्धी इंग्रजी, अर्धी मल्याळम. शेवटी केक मिळाला. आईनं दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधला. घरी आल्यावर निकाल लागला, "दम नाई."

"बाबा, मल्याळममधला दम तुम्हाला कसा कळला?"

"कळते."

दुसरं स्थळ गावाबाहेरच्या टिनाच्या शेडमधलं. भाषा हिंदी, ड्रम, गिटार आणि माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. पास्टर जीन्समध्ये, हातात माईक, घामानं न्हालेले. बायका सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर, आणि बाबांची खुर्ची नेमकी स्पीकरपुढं. मला वाटलं, संपलं. नाताळच्या उपासनेत टाळ्या वाजवल्या म्हणून सख्ख्या मावसभावाशी बोलणं टाकणारा हा माणूस. दुपारी बाबा पहिला घास गिळून म्हणाले, "दम होता. भारी दम होता!"

माझ्या हातातला वरणाचा डाव पातेल्यात पडला.

"तुमाले दम वाटला, माह्या छातीत अजून धडधडून राह्यलं," आई कडाडली. "मले स्वर्गात जाचं आहे, पण आजच नाई जाचं!"

झालं. आईची अट आडवी आली. मग आणखी दोन-तीन ठिकाणं पाहिली आणि सगळीकडे बाबांचा शेरा, "दम नाई." माझं डोकं फिरायला लागलं होतं. एवढं कसलं यांना चोखंदळपण, स्वतः कुठले धर्मपंडित लागून गेले, असं मी आईजवळ बडबडलेसुद्धा. आणि एका रविवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढलाच नाही. बनियनवर पेपर घेऊन बसले. "तुमी दोघी जा. मी घरीच वाचतो बायबल."

आईनं माझ्याकडे बघितलं. ती एवढी घाबरलेली मी क्वचितच पाहिलीय. "अजून एकच," ती म्हणाली. "माह्यासाठी. हे नाई जमलं तं मंग बसा घरी." आपण काय बोलून बसलो ते तिलाही कळलं असणार, पण शब्द तोंडातून गेला होता.

ते एक म्हणजे केळझरच्या अलीकडचं, माझ्या ऑफिसातल्या बाईनं सुचवलेलं. कौलारू, बुटकं, शाळेतून आणलेले जुने बाक. पंधरा-वीस घरं असतील. पास्टर पोरसवदा, आवाज मऊ. आणि इथं घरंच्या घरं एकत्र बसलेली, बाया-माणसं सरमिसळ. आईबाबा दारात गोंधळले. बाबा सवयीनं डावीकडे वळले तर तिथं एक बाई बाळाला घेऊन बसलेली. आई उजवीकडे गेली तर तिथं दोन आडदांड शेतकरी. शेवटी दोघं एकाच बाकावर टेकले, मधे एक छत्री मावेल एवढी जागा सोडून, नुकतं लग्न ठरल्यासारखे. मी मागच्या बाकावर बसले आणि हसू दाबत राहिले.

"आज कोणी नवीन आले असतील तर उभे राहावं," पास्टर म्हणाले. मी उठले, आई उठली. बाबा बसलेलेच. आईनं कोपर मारलं तेव्हा उठले. पुढं पास्टरांनी काहीतरी गमतीचं सांगितलं, सगळे हसले, आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर बाबा हसले. आईनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. मग ती थोडी सरकली, त्यांच्या कानाशी आली.

"अहो, गॅस बंद केला का?"

बाबांनी डोळे मिटले, गंभीरपणे मान हलवली. "आमेन."

आई आणखी जवळ सरकली. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "घर जळून राह्यलं जी आपलं."

"आमेन," बाबा म्हणाले.

मला हसू फुटलं आणि लगेच विरलंही, कारण आई हसत नव्हती.

परतताना गाडीत तिनं आवाज चढवून विचारलं, "आज कशावर होतं प्रवचन?"

"विश्वासावर. पण दम नाई."

"बाईचं नाणं हरवते, त्याच्यावर होतं. अन् घर जळून राह्यलं म्हटलं मी, तं तुमी म्हणता आमेन! कवापासून आयकू येत नाई तुमाले?"

 पवनारचा पूल आला तेव्हा बाबा म्हणाले, "जिनिंगच्या खडखडाटातच गेले कान. आता उजवा थोडा आहे."

"मंग इतके वर्षं दम होता, दम नाई, हे काय होतं?"

"पास्टरच्या कपाळाले घाम आला की दम होता."

मला एसीचा हॉल आठवला, टिनाची शेड आठवली, आणि मी गाडी बाजूला घेतली, कारण हसावं की रडावं ते कळेना. आमच्या घरी हे कसं लक्षात आलं नाही, असं कुणीही विचारेल. तर आमच्याकडे हळू बोलतं कोण? टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा. आणि आई प्रत्येक गोष्ट तीनदा सांगायचीच. नवरा आहे, पहिल्या हाकेला ऐकत नाही, यात तिला नवीन काय वाटणार होतं?

"मले काऊन नाई सांगितलं?" आईचा आवाज बारीक झाला होता. तिला तेच पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं.

"तू तिकडं बसत होती," बाबा म्हणाले. "अन् तिथं मले आयकायची गरजच नव्हती. सारं पाठ होतं. कवा उठाचं, कवा बसाचं, कोणतं गीत. पास्टरनं हात वर केला की आशीर्वाद. नवीन जागी मी निस्ता लोकाईकडे पाह्यतो. ते उठले की मी उठतो, हासले की हासतो. मले लाज वाटते वं."

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

कानाचं मशीन आणलं. ते लावून बाबा दोन दिवस घरभर फिरले आणि काढून ठेवलं. "पंखा आयकू येते, चपला आयकू येतात, माणसं सोडून सारं आयकू येते." बाजारात जाताना लावतात अधूनमधून, डॉक्टर भेटलेच तर म्हणून. पण पुढच्या रविवारी आईनं स्वतः त्यांच्या शर्टाला इस्त्री केली. त्याच कौलारू चर्चमध्ये जाऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि या वेळी छत्रीएवढीही जागा ठेवली नाही. पास्टर शोमरोनी बाई विहिरीवर आली तिची गोष्ट सांगू लागले, आणि आई बाबांच्या कानाला लागली.

"एक बाई पाण्याले आली. भर दुपारी. आता सकाळी काऊन नाई आली म्हणसान, तं सकाळी साऱ्या बाया राह्यतात, टोमणे मारतात. पाह्यलं, किती वर्षांपासून हेच चाललं!"

आईची कुजबुज, त्यातही बहिऱ्याच्या कानासाठी! अख्खं चर्च ऐकत होतं. मी पुन्हा पोरीसारखं लाजून खाली बघितलं. पास्टर थांबले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण तो भला पोरगा थांबला तो आईचं वाक्य संपेपर्यंतच. मग पुढचं वाक्य बोलला आणि पुन्हा थांबला. प्रवचन दुप्पट लांबलं. तिसऱ्या रविवारी तर दोन म्हाताऱ्या मुद्दाम आईबाबांच्या मागच्या बाकावर येऊन बसल्या, मला सरकवून.

निकालाचं विचाराल तर आता दर रविवारी दम असतो. पास्टरच्या कपाळाला घाम येतो, तो कशानं येतो ते मी बोलत नाही.

मागच्या महिन्यात आईला ताप भरला. मी बाबांना मोठ्यानं सांगितलं, "आज राहू द्या, घरीच थांबू." बाबा शर्टाची बटणं लावत म्हणाले, "मंग तिले कोण सांगंल काय झालं तिथं?"

शेजारच्या काकूंना आईजवळ बसवून आम्ही गेलो. मी आईच्या जागेवर बसले आणि येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट त्यांच्या कानात सांगायला लागले. वाक्यामागून वाक्य, अगदी जसंच्या तसं. थोड्या वेळानं बाबांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "राहू दे बाप्पा. तुले नाई जमत. तू पास्टर बोलते तेवढंच सांगून राह्यली."

घरी आल्यावर ते जेवायला बसले नाहीत. खुर्ची ओढून आईच्या खाटेशी बसले आणि प्रवचन सांगू लागले. जक्कयाचं नाही. वादळातल्या नावेचं. "येशू नावेत झोपला होता. एवढ्या वादळात झोप कशी लागली म्हणशीन, तं दिवसभर लोकाईनं बोलून बोलून त्याचे कान किटवले होते. अन् शिष्य कोण? सारे कोळी. ज्याईचा धंदाच पाण्यातला, ते घाबरले, अन् उठवलं कोणाले? सुताराले!"

यातलं एक अक्षर पास्टर बोलले नव्हते. मी दारात उभी होते, आईनं माझ्याकडे बघितलं, तिला सगळं कळलं. तिनं डोळे मिटले आणि बाबांचा हात धरून ठेवला.

बाबा तिच्या कानाशी वाकले. "अन् शेवटी पास्टर म्हणे, घर जळून राह्यलं."

"आमेन," आई म्हणाली.