बुद्रुकऐवजी खुर्द

भुताखेतांवर, चमत्कारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामागे काही विचारसरणी वगैरे होती असं समजू नका. माझ्या आयुष्यात जेवढे घोटाळे झाले तेवढे करायला मी एकटा पुरून उरलो, बाहेरच्या कुणाची मदत लागलीच नाही... त्यामुळे कुणी असले अनुभव सांगायला लागला की मी मनात म्हणायचो, ह्याचं काहीतरी चुकलेलं दिसतंय आणि आता हा ते भुताच्या नावावर खपवतोय.

आज माझ्याबद्दल तुम्ही तसंच म्हणालात तर माझी तक्रार नाही. ऐका आणि ठरवा.

लढाईची वर्षं होती. मी मूळचा साताऱ्याचा. सांगलीच्या एका कॉलेजात ज्युनिअर क्लार्क म्हणून चिकटलो होतो, पण अजून कायम झालो नव्हतो. इतर कामांबरोबर दर शुक्रवारी स्टाफच्या बोर्डावर 'सेवक-वृत्त' लिहून लावायचं माझ्याकडे होतं. कुणाकडे बारसं, कुणाला भाड्याने खोली हवी, कुणाची छत्री हरवली, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत — 'स्वयंसेवक पाहिजेत'. ही प्रिन्सिपॉलसाहेबांची हौस. कॉलेजच्या माणसांनी रविवारी घरी लोळत न पडता चार लोकांच्या उपयोगी पडावं, असं त्यांचं म्हणणं. शिपायापासून प्रोफेसरापर्यंत सगळ्यांनी.

त्या टर्ममध्ये मी एक पराक्रम आधीच केलेला होता. प्रो. दांडेकरांना मुलगी झाली होती, आणि जिमखान्यातली जुनी सतरंजी कुणाला तरी देऊन टाकायची होती. घाईत माझी मधली ओळ गळली आणि बोर्डावर लागलं, 'प्रो. दांडेकर यांना कन्यारत्न प्राप्त झाले. कोणास हवे असल्यास ऑफिसातून विनामूल्य घेऊन जावे.'

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "जगताप, पुढची चूक ही तुमची इथली शेवटची चूक असेल."

मी मान डोलावली. चूक होणार याबद्दल आम्हा दोघांच्याही मनात शंका नव्हती.

तर एका शुक्रवारी, टपाल आल्यावर, साहेबांना करंजओढे बुद्रुक या गावच्या शाळामास्तरांचं पत्र आलं. गावातली पुष्कळ पोरं पलटणीत गेली आहेत, त्यांची पत्रं येतात, घरच्यांना वाचता येत नाहीत, मी एकटा पुरा पडत नाही — रविवारी कुणी पाठवाल का? साहेबांनी लगेच एका चिठ्ठीवर गावाचं नाव लिहून मला दिलं आणि म्हणाले, "बोर्डावर लावा." मी अडीच वाजता, एका हाताने शेंगा खात, सुवाच्य अक्षरात लिहिलं — 'करंजओढे खुर्द'. आता आपल्याकडे प्रत्येक बुद्रुकला एक खुर्द असतंच. माझ्या हाताने मोठ्याऐवजी धाकटं धरलं, एवढंच. पण ते मला रविवारपर्यंत कळलं नाही.

दोन नावं आली. एक लॉजिकचे प्रो. लिमये — ताडमाड उंच, आणि 'नमस्कार' म्हटलं तरी "कशावरून?" विचारतील असे. दुसरे लॅबोरेटरीतले बापू माने, तासगावकडचे, डोक्यावर केस नावालाही नाही. तिसरा मी. माझं नाव साहेबांनीच घातलं होतं.

रविवारी सकाळी मिरजेहून छोट्या गाडीने निघालो. कवठेमहांकाळच्या अलीकडे एका स्टेशनावर उतरलो. पुढे पाय. ओढ्याशी रस्ता फुटला तिथं बापू थांबले.

"जगतापराव, सायेब बुद्रुक म्हनलं हुतं न्हवं?"

"खुर्द. नोटीस मी लिहिलीय, बापू."

"म्हनूनच इचारतोय."

लिमये म्हणाले, "नोटिशीत खुर्द आहे. आपण नोटिशीवरून आलो. सबब खुर्द." झालं. आम्ही खुर्दाकडे वळलो.

गावाच्या तोंडाशी बाभळीखाली एक विशीतली बाई बसली होती. मांडीवर सात-आठ महिन्यांची पोर, भोवती दहा-बारा मेंढरं आणि कोकरं. आम्हाला बघून ती उठली. आधी लिमयांना खालून वर बघितलं, मग बापूंच्या टकलाकडे, मग माझ्याकडे. पदरातून एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"लय येळ केलासा! म्या सकाळधरनं बसलीया. तुमीच कारकून न्हवं?"

"हो... पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आवं, त्यो मानूस आला हुता की. बेस्तरवारी. म्या वड्यावर मेंढरं पाजत हुते. काळी टोपी, हातात छत्री. म्हनला, पोरी, पत्र तातोबाला दावू नगंस. ऐतवारी कालेजातली तीन मान्सं येत्याल. एक उंच, एक टकला, एक कारकून. जायचं हाय त्यास्नी बुद्रुकला, पर कारकून चुकंल आन् हितं येत्याल."

बापू माझ्याकडे बघायला लागले. मी हळूच खिशातली साहेबांची चिठ्ठी काढली. उलगडली. साहेबांचं अक्षर फार स्वच्छ. बुद्रुक.



तेवढ्यात विडी ओढत एक माणूस आला. हाच तातोबा, गावातला दुकानदार आणि गावातला एकमेव वाचता येणारा. आम्हाला बघून त्याच्या तोंडातली विडी खाली पडली.

"आयला... आली व्हय खरंच! बेस्तरवारपास्नं ही बया सगळ्यांस्नी सांगतीया, आन् आमी हसतूय." मग अगदी आदबीने त्याने मला विचारलं, "तुमी चुकूनच आलायसा न्हवं?"

"चुकूनच," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"एक मिनिट," लिमये म्हणाले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "मास्तरांचं पत्र साहेबांकडे शुक्रवारी आलं. जगतापांनी चूक शुक्रवारी केली. बाईंना ती गुरुवारी कळली. म्हणजे... चूक व्हायच्या आदल्या दिवशी..." आणि लॉजिकचा प्रोफेसर वाक्य अर्धं टाकून बोटांवर वार मोजायला लागला. हे मी त्या आधीही पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"ते ऱ्हाऊ द्या वो," बाई म्हणाली. तिचं नाव हौसा. "पत्र वाचा आदी. नऊ दिस झालं, ऊर धडधडतोय."

"नऊ दिवस? मग तातोबांकडून का नाही वाचून घेतलं?"

"ह्यांच्याकडनं?" हौसा तातोबाकडे बघून फणकारली. "मागलं पत्र ह्यांनी चावडीवर वाचलं. 'तुजी लय आठवन येती' हे तीनदा वाचलं, आन् सूर लावून! म्हैनाभर समदं गाव मला त्याच सुरात हाक मारत हुतं. तवाच ठरावलं, आता वाचायचं तर परक्याकडनं."

"सूर न्हवता लावला," तातोबा पुटपुटला. "खोकला आलता."

मी पत्र उघडलं. पेन्सिलीने लिहिलेलं, मधल्या दोन ओळी सरकारी शाईने काळ्या केलेल्या. मी वाचू लागलो, शक्य तितक्या कोरड्या आवाजात: "मावशी बरी असंल. तिच्या गावाला पुनवंनंतरच्या ऐतवारी दुपारी तीनच्या सुमाराला जत्रा हाय. लांबची लय मान्सं येत्याल, घटकाभर थांबत्याल आन् म्होरं जात्याल. बाळीला घिऊन जा. म्हंजी तिला बी दिसंल. म्होरची जत्रा कवा भरंल ते सांगता यायचं न्हाई..."

"ह्या महिन्यात कुठली जत्रा?" मी म्हणालो. "कुठल्या गावची म्हणायची?"

हौसा ताडकन उभी राहिली. "मावशी मिरजंला असती!"

"पण मिरजेला आत्ता जत्रा—"

"आवं जत्रा कसली आलीया, कारकून! पलटनीची गाडी! मिरजंवरनं जानार... उघड लिवलं तर सरकार खोडतंय. त्येनी अजून बाळीचं त्वांड बी बघितलं न्हाई." तिचा आवाज फाटला. "आन् पुनवंनंतरचा ऐतवार म्हंजी... आज!"

परतीची छोटी गाडी साडेबाराला होती. बारा वाजत आले होते. हौसा दोन पावलं पळाली आणि थांबली. सासरा कळप घेऊन कृष्णाकाठी गेलेला. मागे राहिलेली ही मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकायची?

"मी बघतो," लिमये म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"स्वयंसेवक म्हणूनच आलोय ना? माझ्या गुडघ्याने मला पळता येणार नाही. तुम्ही निघा. फक्त जायच्या आधी कुणीतरी सांगा — ह्यांना काय म्हणून हाक मारायची?"

बापूंनी बाळीला खांद्यावर टाकलं आणि आम्ही पळालो. बापू, हौसा पुढे, मी मागे, माझी टोपी त्याहून मागे. गाडी हललेली असताना चढलो. ती छोटी गाडी एरवी इतकी सावकाश जायची की लोक उतरून विडी पेटवून परत चढायचे म्हणे. त्या दिवशी मी आत बसून तिला अंगाने रेटा देत होतो.

मिरजेला पोचलो तर प्लॅटफॉर्मवर लष्करी गाडी उभी. सगळीकडे खाकी. प्रत्येक खिडकीत पाच-पाच तोंडं, आणि इंजिनाने पाणी भरून घेतलेलं.

"नाव काय त्यांचं? मी हाक मारतो!"

हौसाने पदर तोंडाला लावला. मान खाली.

"अहो नाव सांगा!"

"आमचं... मालक," ती म्हणाली.

"मालक काय! इथं पाचशे मालक आहेत!"

"न्हाई घेत मी न्हवऱ्याचं नाव. कवा घेतलं न्हाई." तिचे डोळे भरलेले, पण नाव तोंडातून येईना. गार्डाने शिट्टी हातात धरलेली. बापू ओरडले, "आवं जगतापराव, पत्राखाली बगा की!"

मी खिशातून पत्र काढलं, शेवटची ओळ बघितली, आणि होतं नव्हतं ते सगळं फुफ्फुसात भरून, जसं लिहिलं होतं तसंच ओरडलो —

"तुझा बिरूऽऽ!"

अख्खी पलटण माझ्याकडे बघायला लागली. मग जो हशा उठला तो वर्णन करण्यापलीकडचा. डब्याडब्यांतून पोरं आपापल्या छातीवर हात ठेवून मला म्हणू लागली, "माझा, माझा!" मी मात्र ओरडतच राहिलो. आता लाजून काय उपयोग? आणि चार डबे पुढून एक काळासावळा, मिशीवाला गडी खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"हौसे!"

बापूंनी बाळीला खिडकीतून आत दिलं. बिरूनं तिला दोन्ही हातांत धरलं, जशी काही फुटेल. पोरीने बापाच्या मिशीला हात घातला आणि जोरात ओढली. तो म्हणाला, "मारकी हाय ग!" आणि रडायला लागला. हौसा हसत होती. पाच मिनिटं असतील, जास्त नाहीत. शिट्टी झाली, बाळी परत बापूंच्या हातात आली, गाडी हलली. त्यानं मला विचारलं, "तुमी कोन, पावनं?" मी म्हणालो, "चुकून आलेला."

सोमवारी माझ्या टेबलावर कागद होता. बुद्रुकचे लोक दिवसभर वाट बघत बसले होते आणि मास्तरांनी तसं कळवलं होतं. 'बुद्रुकऐवजी खुर्द येथे का गेलात, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत करावा.'

मी चार वेळा लिहून फाडला. शेवटी जसं घडलं तसं लिहिलं, गुरुवारसकट. नोकरी गेलीच होती, निदान खरं लिहून जावं. खाली साक्षीदार म्हणून लिमयांनी सही केली. ते त्याच सकाळी परतले होते, कोटाला लेंड्यांचा वास, पण खुर्दात अकरा पत्रं वाचून आणि एकही मेंढरू न हरवता. संध्याकाळी खुलासा परत आला. साहेबांचा शेरा होता — 'खुलासा समाधानकारक नाही. दुसरा शक्य दिसत नाही. दप्तरी दाखल. पुढील रविवारी दोन्ही गावे.' टर्म संपताना मला कायम केलं. नजरचुकीने केलं असावं, असं ऑफिसात बोललं जातं.

लिमयांनी पुढे बरेच दिवस माझं डोकं खाल्लं. बुद्रुकच्या मास्तरांना भेटले. त्यांनी पत्र शुक्रवारी सकाळी माणसाच्या हाती स्टेशनवर धाडून गाडीच्या टपालात टाकलेलं, गुरुवारी लिहायचंही ठरलं नव्हतं. हौसाने गोष्ट नंतर रचली म्हणावं तर तातोबासकट अर्धं गाव साक्षीला. लिमये शेवटी म्हणाले, "जगताप, तुम्ही चुकणार हे कुणीही सांगू शकलं असतं. पण *कसे* चुकणार, हे ब्रह्मदेवालाही आधी सांगता येत नाही."

लढाई संपल्यावर बिरू परतला. एका हाताची दोन बोटं तिकडेच राहिली, बाकी धडधाकट. दोघं नवराबायको, मध्ये चालणारी बाळी, असे एक दिवस कॉलेजात हजर झाले. बिरूच्या खांद्यावर नवी कोरी घोंगडी होती, काळीभोर, घरच्या लोकरीची. ज्या माणसानं सांगितलं त्याला द्यायला. हौसाने सगळा स्टाफ बघितला. प्रोफेसर, शिपाई, माळी, वर्ग थांबवून दांडेकर. शेवटी साहेब स्वतः टोपी घालून, हातात छत्री घेऊन तिच्यापुढे उभे राहिले.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. "त्यो हसत हुता."

घोंगडी तिनं माझ्याकडे दिली. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. त्यो आला की द्या."

तो कोण, त्याला गुरुवारी शुक्रवारचं कसं कळलं, यातलं मला आजही काही सांगता येत नाही. घोंगडी मात्र घरात आहे, दर वर्षी ऊन दाखवतो, कसर लागू दिलेली नाही. वाचकांपैकी कुणी तो असेल तर त्यानं येऊन आपली वस्तू घेऊन जावी. जानेवारीत एक-दोनदा फारच गारठलो तेव्हा मी ती पांघरली आहे. तेवढं त्यानं पोटात घालावं.