रुखवतात दडवलेला रिपोर्ट

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि मंदाला — तिला तर नाहीच. तुम्हालाही कसं सांगावं, कळत नाहीये.

मंदा माझी धाकटी बहीण. ती दहावीत असताना तिची उजवी भुवई फुगल्यासारखी दिसू लागली, डोळा जरा पुढे आला. केडगावातल्या शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग स्कॅन झाला. वडील नागापूरला कंपनीत, त्यांना सुट्टी मिळेना, म्हणून रिपोर्ट आणायला मी गेले. घरात इंग्रजी वाचणारी मीच ना!

डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं — डोळ्याभोवतीचं हाड वाढतंय. कॅन्सर नाही, पण नजरेची नस दाबली जातेय. महिन्याभरात पुण्याला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर त्या डोळ्यानं दिसायचं बंद होईल.

आणि त्याच आठवड्यात संगमनेरहून मला होकार आला होता. "घराण्यात काय आजार न्हाई ना?" असं त्या मंडळींनी बैठकीतच विचारलं होतं. मुलगा मला आवडला होता — फार आवडला होता.

घरी येऊन मी म्हणाले, "डाक्टर म्हणले, वयाचं हाय, बसंल आपोआप." रिपोर्ट रुखवतातल्या भरतकामाच्या अभ्र्यात घातला. कुणी मागितलाही नाही. लग्नाला चार महिने होते. चार महिने मंदा माझ्यासमोर डोळा चोळत बसायची. एकदा म्हणाली, धुरकट दिसतंय. मी म्हटलं, जागरण कमी कर. काय म्हणावं मला?

लग्नानंतर तिला त्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा कुठे पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं. हाड काढलं, पण नजर गेली ती गेलीच. तिच्या उशाशी मी पंधरा दिवस बसले, तर सासरी माझंच कौतुक — बहिणीवर केवढी माया! त्या कौतुकातून बाहेर कसं पडायचं? बोलले तर दोन्ही घरं तुटतील. नाही बोलले तर तिच्यासमोर बसवत नाही. आणि माया खोटी नव्हती हो, हेच तर वाईट.

परवा मंदा आली होती. चहा ओतताना तिचा अंदाज चुकला, चहा ओट्यावर सांडला. हसून म्हणाली, "त्या डाक्टरनं तवाच नीट सांगितलं असतं तर वाचला असता गं डोळा, ताई."

मी फडकं घेतलं, ओटा पुसला आणि म्हणाले, "व्हय गं."

डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. मला सगळं समजलं होतं.