एक जूनचे दोन पाटील

डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं टकटक वाजवायची आणि भुवया उंचवायच्या, एवढंच त्या करायच्या. तोंडाने विचारायची वेळ आली, तर मात्र समोरच्याची खैर नसे. "पट्टा वाचला का?" नॉटिंगहॅममधल्या आमच्या वॉर्डात इंग्रज डॉक्टरसुद्धा त्यांना पाहिलं की पेशंटच्या मनगटावरचा नावाचा पट्टा नव्याने वाचायला घेत.

त्या आमच्या मुख्य सिस्टर, मूळच्या नागपूरच्या. मी पुण्याहून नुकतीच आलेली नर्स, म्हणून मला त्या ताई. त्यांच्या डब्यातल्या भाजीने डोळ्यांत पाणी यायचं. "खाऊन पाहा बाप्पा, मरत नाही कोणी," म्हणायच्या. हॉस्पिटलात बोलायचं वाक्य आहे का हे, तुम्हीच सांगा.

एकदा आमच्याकडे दोन पाटील आजोबा आले. आडनाव एक, जन्मतारीखही एक, एक जून. तुमच्याही घरात एखादे एक जूनवाले असतील. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी सरसकट वाटलेली ती तारीख. सालही एकच निघावं, हे आमचं नशीब.

सकाळी औषधं देताना मी एका पाटलांपाशी थांबले. जन्मतारीख विचारली, जुळली. पुढे त्यांचं स्वतःचं नाव विचारायचं. पण आजोबांच्या वयाच्या माणसाला "नाव काय तुमचं?" म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यात मराठीत गप्पा रंगल्या आणि पट्टा पाहायचा राहून गेला. शेजारच्या पाटलांचं इन्सुलिन मी यांना टोचलं. यांना डायबेटिस नव्हताच.

शेजारच्या बेडपाशी जाऊन तिथला पट्टा वाचला, तेव्हा माझी चूक मला कळली. आजोबांची काळजी आधी वाटली, असं लिहायला आवडलं असतं. पण आधी आठवली नोकरी आणि व्हिसा. क्षणभर वाटलं, नाश्ता येतोच आहे, खाल्लं की साखर सावरेल, गप्प बसावं. तेवढ्यात ताई समोर आल्या आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"काहून रडून राहिली? चल, आधी आजोबांना पाहू."

डॉक्टर आले, ग्लुकोजची ड्रिप लागली. ताई स्वतः खुर्ची टाकून बसल्या आणि थोड्या थोड्या वेळाने साखर तपासत राहिल्या. आजोबांना दरदरून घाम फुटला. मग साखर हळूहळू वर आली. दुपारी ते "जेवायला काय आहे?" म्हणाले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"आता काय झालं ते त्यांना तू सांग," ताई म्हणाल्या. "मी बाजूला उभी राहते."

मी सांगितलं, माफी मागितली. आजोबांचा मुलगा संतापला, आणि त्याचं बरोबरच होतं. आजोबांनी मात्र वेगळंच विचारलं, "मग त्या पाटलांना त्यांचं इंजेक्शन मिळालं का?"

"मिळालं, आजोबा."

"मग झालं तर."

चौकशी झाली. मला पुन्हा ट्रेनिंग घ्यावं लागलं, काही आठवडे दुसऱ्या नर्सच्या देखरेखीखाली औषधं द्यावी लागली. नोकरी राहिली. ताईंनी माझ्यासाठी शब्द टाकला असणार, असं मी धरून चालले आणि मनातल्या मनात त्या उपकाराखाली वावरत राहिले. विचारायचं धाडस कधी झालं नाही.

गेल्या वर्षी ताई रिटायर होऊन नागपूरला परतल्या. त्यांच्या खुर्चीत आता मी बसते, त्यामुळे जुने रिपोर्ट मला उघडता येतात. परवा तो रिपोर्ट उघडला. माझ्यासाठी रदबदली करणारा एकही शब्द त्यात नव्हता. माझी चूक जशीच्या तशी लिहिली होती. तिच्याही आधी होता ताईंचा स्वतःचा जबाब: "एकाच आडनावाचे पेशंट शेजारी ठेवू नयेत हे मला माहीत होतं. दोघांना मराठीत बोलायला सोबत होईल म्हणून बेड मी शेजारी लावले. पहिली चूक माझी."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ताईंनी मला पाठीशी घातलं नव्हतं. आपला वाटा त्यांनी घेतला होता आणि माझा माझ्याकडे ठेवला होता. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.