कातऱ्याचा आवाज

“कार्टून आहे ते, ताई! खोटं असतं सगळं.”

“आवाज खोटा आहे का, बाळ्या?”

त्याची पंचेचाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी ताईसाठी बाळ्याच. पोटापाण्याचा धंदा आवाजाचा. जाहिरातीतला सासरा तो, परभाषेतल्या मालिकेतला हवालदार तो, आणि गेले वर्षभर टीव्हीवरच्या कार्टूनमधला कातऱ्याही तोच. कातऱ्या म्हणजे वरचा ओठ फाटलेला, पोरं पळवणारा दुष्ट. ताईचाही ओठ जन्मापासून फाटलेला. लहानपणी टाके पडले, पण शिवण दिसतच राहिली आणि शब्द नाकातून येतच राहिले.

“नीट ऐक काय झालं ते,” ताई कामावर जायची पिशवी भरत म्हणाली. चष्म्याच्या दुकानात ती फ्रेम बसवून द्यायची. “सहा वर्षांची पोर. पहिलाच चष्मा. दांडी कानामागे बसवायला मी वाकले, रोजचंच म्हटलं, ‘माझ्याकडे बघा.’ पोर खुर्चीतून उडी मारून थेट आईच्या मागे. ‘आई, कातऱ्या!’ आईला हसू आवरेना. वर मलाच म्हणते, ‘सेम टू सेम हो! परत एकदा म्हणा ना.’”

“मग?”

“मग काय! चोवीस वर्षं त्या दुकानात तोंडाचा पट्टा चालवला. आता वहीत लिहून दाखवते. मालकांना सांगितलंय, घसा बसलाय. आठ दिवस झाले, बसलाय तो बसलाच आहे.”

बाळ्याने मान खाली घातली. लहानपणी दुकानदाराला ताईचं बोलणं कळत नसे. ती सांगायची आणि हा टाचा उंचावून तेच पुन्हा, मोठ्याने सांगायचा. तिचा शब्द तोंडातून पुरता निघायच्या आत याला कळलेला असायचा. त्याच कानावर पुढे त्याचं पोट चाललं. डबिंगच्या खोलीत पडद्यावर तो फाटका ओठ आला, काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, “काहीतरी वेगळं दे रे.” बाळ्याला शोधावंच लागलं नाही. त्याने तोंड उघडलं आणि ताई बाहेर आली. काचेपलीकडे टाळ्या.

“मी काम सोडलं, ताई. आत्ता सकाळीच फोन केला.”

“म्हणजे कातऱ्या मुका झाला?”

“नाही... दुसऱ्याला घेतायत. माझं जुनं ऐकवून शिकवणार त्याला.”

“वा! म्हणजे ज्याने मला कधी बघितलं नाही, तोही आता माझ्यासारखा बोलणार.”

तिने डबा पिशवीत ठेवला. मग थांबली.

“एक सांग. ओठ चित्रकाराने काढला, मान्य. पण तो पोरांना पकडताना ‘माझ्याकडे बघा’ म्हणतो, ते लिहिणाऱ्याला कुठून सुचलं?”

थाप मारायला बाळ्याकडे दहा आवाज होते. त्यातला एकही फुटेना.

“लिहिलेलं नव्हतं,” तो शेवटी म्हणाला. “कागदावर नुसतं ‘हसतो’ होतं. ते मी घातलं. तुला घ्यायला एकदा दुकानात आलो होतो, तेव्हा ऐकलं होतं. किती मायेने म्हणत होतीस गं...”

ताईने वही उचलून पिशवीत टाकली. चपला पायात सरकवल्या.

“ताई, आज दुकानात बोलशील ना? तेवढं तरी सांग.”

तिने दार ओढून घेतलं आणि ती जिना उतरून गेली.